गुडघे, मोबाईल आणि आपला ग्रुप

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडे संक्षिप्त केले आहे. – संपादक मंडळ)



समितीने मला 'ज्येष्ठांचे आरोग्य' असा विषय दिला होता. वीस मिनिटांत तो मावणार नाही. म्हणून मी त्यातला एक कोपरा घेतला आहे. काल संध्याकाळपासून मी तुमच्या गप्पा ऐकते आहे. पहिला प्रश्न नातवंडांचा आणि दुसरा लगेच, "काहून गड्या, गुडघे काय म्हणतेत?" आणि उत्तर बहुतेकांचे एकच, "लय दुखून राह्यले ना बाप्पा." त्यानंतर खिशातून मोबाईल निघतो. मुलाने पुण्याहून किंवा अमेरिकेतून काहीतरी अ‍ॅप टाकून दिलेले असते, आणि मग मला विचारतात, "हे घेऊ का? याने दुखणं जाते का?"

माझी तीस वर्षे अकोल्यात लोकांचे गुडघे, खांदे आणि कंबरा हाताळण्यात गेली. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. थोडक्यात सांगायचे तर अ‍ॅपने दुखणे जात नाही. पण दुखण्यामुळे आपण जे जे सोडून देतो, ते परत सुरू करायला अ‍ॅप मदत करू शकते. आणि तेही एका अटीवर. ती अट शेवटी सांगते.

आधी दुखण्याबद्दल दोन शब्द. 'संधिवात' या एका शब्दात आपण बरीच दुखणी कोंबतो. आपल्या वयात सर्वांत जास्त दिसते ती सांध्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ही झीज होती. त्यातले ७३ टक्के पंचावन्नच्या पुढचे आणि ६० टक्के स्त्रिया. सर्वांत जास्त त्रास गुडघ्याचा. म्हणजे मैत्रिणींनो, आपण एकट्या नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. दर शंभरात सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे होते. त्या काळी खेड्यापाड्यात सांधेदुखी ही मोजण्यासारखी गोष्ट आहे असे कोणी मानतच नव्हते. वय झाले, दुखणारच, असे म्हणून सोडून द्यायचे. आपणही अजून तेच म्हणतो. फरक इतकाच की आता 'दुखणारच' म्हणता म्हणता मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रिप आणतो.

खरा धोका तिथेच आहे. दुखणाऱ्या गुडघ्याने माणूस मरत नाही. पण गुडघा दुखतो म्हणून चालणे बंद होते. मग वजन वाढते, साखर वाढते, मांडीचे स्नायू बारीक होतात आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. मग देवळाच्या पायऱ्या सुटतात, लग्नकार्ये सुटतात, आणि एक दिवस मेळाव्याला येणेही सुटते. वर दुखणे दाबायला रोजच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. ज्यांना आधीच बीपी किंवा शुगर आहे त्यांना जास्त. बीपीची औषधे चालू असताना गुडघ्याची गोळी वेगळ्या दुकानातून घेणारे या सभागृहातही असतील. हात वर करा म्हणत नाही.

काही जण म्हणतात, "मॅडम, ग्रीस संपलं, आता काय व्यायाम करता?" सांधा म्हणजे बैलगाडीचा आख नाही. गुडघ्याच्या झिजेवर आजचा पहिला उपचार व्यायाम हाच आहे. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे पाहा. व्यायाम, जरूर असेल तिथे वजन कमी करणे, आणि रुग्णाला नीट माहिती, हा उपचाराचा गाभा. औषधात गुडघ्यासाठी आधी वरून लावायचे वेदनाशामक जेल. पॅरासिटामॉल नेहमीसाठी नको, ग्लुकोसामाइन तर द्यायचेच नाही. आपल्यापैकी किती जण दरमहा ग्लुकोसामाइनवर पैसे घालतात, ते मनातल्या मनात मोजा. वजनाचे गणितही लक्षात ठेवा. वजन जास्त असलेल्या, गुडघा झिजलेल्या वयस्कर लोकांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात असे दिसले की एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

हे सगळे आपल्याला माहीत असते. अडते कुठे? रोज करण्यात. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला रस्त्याचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात गेले. तुम्ही काही जण त्याच रस्त्याने आलात. गुडघ्याचे असे विक्रमी काम होत नाही. तिथे रोज दहा मिनिटे, सहा आठवडे, मग सहा महिने, असे चालते. अ‍ॅपचा खरा उपयोग या 'रोज'साठी आहे.

आता अ‍ॅप काय काय करते ते पाहू. मी त्यांचे तीन भाग करते. व्यायाम करवून घेणारे, नोंद ठेवणारे, आणि डॉक्टर किंवा औषध जवळ आणणारे.

पहिला भाग व्यायामाचा. स्वीडनमध्ये २००८ पासून गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी 'आधी माहिती आणि व्यायाम' असा देशव्यापी कार्यक्रम चालतो. त्याच धर्तीवर तिथे 'जॉइंट अकॅडमी' नावाचे अ‍ॅप आले. रोज छोटे व्यायाम, व्हिडिओवर. थोडी थोडी माहिती. आणि पलीकडे एक खरा फिजिओथेरपिस्ट, जो तुमची प्रगती बघतो आणि निरोप पाठवतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला याची चाचणी झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गुडघा झिजलेले १०५ लोक. काहींना अ‍ॅप, काहींना नेहमीचे उपचार. सहा आठवड्यांनी अ‍ॅपवाल्यांचे दुखणे दुसऱ्या गटापेक्षा शून्य ते दहाच्या मापावर सुमारे दीड गुणाने जास्त कमी झाले होते. दीड गुण म्हणजे चमत्कार नाही. पण सहावर असलेले दुखणे साडेचारवर आले तर भाजी आणायला स्वतः जाता येते. आपल्याला तेवढेच हवे आहे.

आता आपल्याकडची अडचण. अशी अ‍ॅप बहुतेक इंग्रजीत, पैसे घेणारी, आणि चित्रातली बाई सतरंजीवर आडवी पडून पाय उचलते आहे. आपल्यातल्या अर्ध्या जणींना खाली बसल्यावर उठवायला माणूस लागतो. आयुष मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटनेने २१ जून २०२१ ला 'एमयोगा' अ‍ॅप आणले. हिंदीत आहे, फुकट आहे. पण ते १२ ते ६५ वर्षे वयासाठी आहे आणि आपण सगळे सदुसष्ट-अडुसष्टचे. घ्यायचे तर त्यातले झेपेल तेवढेच, खुर्चीवर बसून, आपल्या डॉक्टरांना विचारून.

मी सांगते ते तीन व्यायाम लिहून घ्या. यांना कुठलेही अ‍ॅप लागत नाही, मोबाईलचा गजर पुरतो. एक, खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट करा, पाच अंक मोजा, खाली. प्रत्येक पायाने दहा वेळा. दोन, खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवा, उंची वाढते. पाचपासून सुरुवात करा. खुर्ची भिंतीला लावलेली हवी, प्लॅस्टिकची सरकणारी नको. तीन, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा. चहा उकळेपर्यंत होते.

आणि दुखले तर? डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघेदुखीसाठी असाच एक कार्यक्रम चालतो, त्यात एक सोपा नियम शिकवतात. शून्य ते दहात, व्यायाम करताना दुखणे दोनपर्यंत असेल तर बिनधास्त करा. पाचपर्यंत चालेल. पाचच्या वर गेले तर व्यायाम कमी करा. आणि चोवीस तासांत दुखणे मूळ पातळीवर यायला हवे. हा एक नियम कळला की भीती निम्मी जाते. कारण व्यायाम सुटतो तो बहुतेक वेळा भीतीने. दुखले म्हणजे आणखी झिजले, असे वाटते. तसे नसते.

चालण्याचेही सांगते. मोबाईल पावले मोजतो. लोक मला विचारतात, "दहा हजार झालीच पाहिजेत ना?" हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावले मोजण्याचे यंत्र विकायला निघाले तेव्हाचा आहे. कुठल्या वैद्यकाने तो ठरवलेला नाही. अमेरिकेत गुडघा झिजलेल्या किंवा झिजण्याचा धोका असलेल्या सुमारे १८०० लोकांना दोन वर्षे पाहिले. दिवसाला साधारण ६००० पावले चालणाऱ्यांची हालचाल पुढे चांगली टिकली. तेही एकदम नाही. आज दोन हजार असतील तर पुढच्या आठवड्यात अडीच. आणि मैत्रिणींनो, आपला मोबाईल देवघराजवळच्या फळीवर असतो, पावले आपण घरभर चालतो. तो मोजणार कुठून? कमरेला खोचायची छोटी पिशवी शिवून घ्या.

दुसरा भाग नोंदीचा. मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. डॉक्टर विचारतात, "कधीपासून दुखते, कधी वाढते?" आपण म्हणतो, "नेहमीच दुखते." यातून डॉक्टरांना काही कळत नाही. रोज रात्री एक आकडा लिहा, शून्य ते दहा. शेजारी दोन शब्द, आज काय केले. अकोल्याच्या एका काकूंच्या मुलाने त्यांना असे नोंदवहीचे अ‍ॅप लावून दिले होते. काकूंची खात्री होती की थंडीने दुखते. महिनाभराची नोंद पाहिली तेव्हा आकडा चढत होता तो खाली बसून दोन-दोन तास पूजा आणि निवडटिपण केल्याच्या दुसऱ्या दिवशी. थंडीचा त्यात फारसा हात नव्हता. त्यांनी पूजा सोडली नाही, देवघर ओट्याच्या उंचीवर नेले. आकडा खाली आला. गोळी नाही, ऑपरेशन नाही.

गोळ्यांचीही नोंद ठेवा. मोबाईलचा साधा गजर किंवा गोळ्यांची आठवण करणारे अ‍ॅप, काहीही चालेल. इथे एक गोष्ट जोर देऊन सांगते. आपल्यातल्या काही जणींना आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड. त्यात मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेतू शकते, आणि असे अपघात जगभर झाले आहेत. म्हणून गजर लावताना 'रोज'वर बोट गेले नाही ना, ते नातवाकडून नव्हे, मुलाकडून किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्या. वार लिहून फ्रिजवर चिकटवा.

तिसरा भाग, डॉक्टर आणि औषध जवळ आणणारी अ‍ॅप. सरकारचे 'ई-संजीवनी' आहे. एप्रिल २०२० पासून रुग्णाला घरबसल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येते, फुकट. मोबाईल नंबर, ओटीपी, टोकन, आणि आपला नंबर आला की बोलणे. आपले नातेवाईक धारणी-चिखलदऱ्याकडे आहेत. रेंज मिळाली तर त्यांना अमरावतीची खेप वाचते. व्हिडिओवर गुडघा दाबून बघता येत नाही, पण रिपोर्ट दाखवणे, गोळी बदलायची का विचारणे, एवढे होते. दुसरे 'जनऔषधी सुगम', २०१९ चे. जवळचे जनऔषधी केंद्र कुठे आहे आणि आपल्या औषधाची तिथली किंमत काय, ते दाखवते. ज्यांच्या पेन्शनचा मोठा हिस्सा औषधात जातो, त्यांनी आजच टाकून घ्या.

आता सावध राहण्याच्या गोष्टी. 'एकवीस दिवसांत गुडघे नवे' म्हणणारी जाहिरात दिसली की पुढे सरका. सांध्यांसाठी 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत लेबलवर न लिहिलेले डायक्लोफिनॅक आणि स्टेरॉइड सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला होता. पुडीने दोन दिवसांत जादूसारखे बरे वाटले तर आनंदी होऊ नका, शंका घ्या. 'सात दिवस फुकट' म्हणणारे अ‍ॅप आठव्या दिवशी खात्यातून पैसे कापते. यूपीआयमधला 'ऑटोपे' महिन्यातून एकदा उघडून पाहा. गुडघ्याच्या अ‍ॅपला तुमचे फोटो आणि सगळ्यांचे नंबर कशाला हवेत? 'परवानगी नाही' दाबा. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे. दिलेली संमती परत घेण्याचा हक्क त्यात आहे.

आणि काही वेळा अ‍ॅप उघडायचेच नाही, थेट दवाखाना गाठायचा. सांधा एकदम लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. पडल्यावर पायावर भार देता येत नाही. एकच पोटरी सुजून दुखते. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा जातो. आणि दोन्ही हातांची बोटे सकाळी अर्धा-पाऊण तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात, तर हाडांच्या नव्हे, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. आमवातात उशीर महागात पडतो.

आता ती अट. नॉटिंगहॅमच्या त्या अ‍ॅपमध्ये एक गोष्ट होती जी आपल्या फोनमधल्या फुकट अ‍ॅपमध्ये नाही. पलीकडे एक माणूस होता. आज व्यायाम केला का, हे विचारणारा. नुसता गजर असेल तर आपण तिसऱ्या दिवशी तो बंद करून कूस बदलतो. माणसाने विचारले की लाज वाटते. मुले लांब आहेत. त्यांनी अ‍ॅप टाकून दिले, पण रोज विचारायला त्यांना वेळ नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मग आपल्याला कोण विचारणार?

आपल्याकडे ग्रुप आहे. रोज सकाळी त्यात किमान तीस गुलाबाची फुले आणि सूर्योदय येतात. माझी एक सूचना आहे. पुढचे सहा आठवडे प्रत्येकाने एक जोडीदार घ्यायचा. शक्यतो एक अमरावतीचा, एक अकोल्याचा, म्हणजे फोन करावाच लागेल. सकाळी आठला आपापले तीन व्यायाम. झाले की जोडीदाराला नुसता अंगठा पाठवायचा. अंगठा आला नाही तर साडेआठला फोन, "काहून, उठली नाही का अजून?" आणि रविवारी दोघांनी एकमेकांना आपला आकडा सांगायचा. ग्रुपवर नाही, फक्त जोडीदाराला. दुखणे हे ज्याचे त्याचे असते, त्याची जाहिरात नको. सहा आठवड्यांनी ज्याला फरक नाही, त्याने मला फोन करावा, आपण व्यायाम बदलू. ज्याला बायपास झाली आहे, सांधा बदलला आहे किंवा चक्कर येते, त्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारून मगच सुरू करावे.

ज्यांना स्मार्टफोन वापरता येत नाही, त्यांनी संकोच करू नये. साधा फोनही चालतो. ज्यांना येतो, त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीत शेजारच्याच्या फोनमधली अक्षरे मोठी करून द्यावीत आणि मराठीत बोलून लिहायचे कसे ते दाखवावे. माइकचे चित्र दाबा, बोला, तो लिहितो. वऱ्हाडी बोललात तर जरा गोंधळतो, पण सांभाळून घेतो.

अमरावती हे व्यायामाचे गाव आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले, आणि तिथली मुले १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकला आपले देशी खेळ दाखवून आली. त्या गावात शिकलेल्या आपल्याला अडुसष्टाव्या वर्षी खुर्चीवरून दहा वेळा उठणे जड जाऊ नये. पीटीच्या तासाला सर शिट्टी वाजवायचे आणि दांडी मारणाऱ्याला बरोबर शोधून काढायचे. आता शिट्टी आपणच एकमेकांसाठी वाजवायची आहे.

जोडीदारांच्या नावांची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने नाव लिहावे, आणि गुरुजनांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी मी स्वतः जोडीदार होईन.